तीन मजली डबा

"डबा गरवणाऱ्याचा अन् पसंती बायकोची. बघा आता," दुकानदार स्टुलावर चढता चढता पुटपुटला. ते माझ्यासाठी नव्हतं. पण पनवेलच्या त्या बोळातलं दुकान इतकं चिंचोळं होतं की त्याची चप्पल माझ्या खांद्याला घासत होती. ऐकू न येऊन जाणार कुठे?

वरून त्याने दोन वस्तू काढल्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक डबा, एक पिशवी. दोन्ही एकाच कामाच्या. गऱ्या, शिसं, दोरी, रबराचे खोटे मासे असलं गरवण्याचं, म्हणजे गळाने मासे धरायचं, सगळं सामान ठेवायला.

डबा कडक प्लास्टिकचा, लाल-काळा, वर कडी आणि पुढे दोन खटके. खटके उघडले की आतले ट्रे जिन्यासारखे वर यायचे, एकावर एक तीन. आमच्या ह्यांनी तो एकदा उघडला, एकदा मिटला, परत उघडला. आणि हसले. हे एस.टी.त ड्रायव्हर; पहिली गाडी ताब्यात मिळाली तेव्हाही असेच हसले असणार.

पिशवी बिचारी हिरवट कापडाची. खांद्याला पट्टा, चारी अंगांना खिसे. ठेवल्या ठेवल्या ती एका कुशीवर कलंडली.

"बघितलंस? हिला तर नीट उभंही राहता येत नाही," हे म्हणाले.

"उभी कशाला राहायला हवी? खांद्यावरच असणार ना," मी म्हणाले. मग दुकानदाराकडे लक्ष गेलं आणि पटकन दुरुस्ती केली, "म्हणजे, ह्यांना खांद्यावर बरी पडेल. दोन्ही हात मोकळे राहतात ह्यांचे, बांधावरून उतरताना."

"वहिनी, डब्यात सगळं डोळ्यांपुढे दिसतं," दुकानदार म्हणाला. "वर बसायलाही होतं. साहेबांसारखा माणूस बसला तरी काही होणार नाही."

"डोळे पाण्याकडे असतात हो. सामान हाताला लागलं पाहिजे. आणि हा दगडावर ठेवला की खडखडतो. जिताड्याला आवाज जातो."

"माशाला कान असतात?" दुकानदार हसला.

"ते ह्यांना विचारा," मी म्हणाले.

दोघंही ह्यांच्याकडे बघायला लागलो. ह्यांनी घसा साफ केला. "असतात," हे म्हणाले. "असावेत. थोडेफार."

डबा घेतला.

गोष्टीला वीस वर्षं झाली. पेणच्या खारपट्ट्यातलं आमचं गाव. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून लांबलचक बांध घातलेला, आणि त्या बांधात मध्येच दगडी मोरी, तिला फळ्यांचं दार. आमच्याकडे तिला उघाडी म्हणतात. भरतीला फळ्या घालायच्या, ओहोटी लागली की काढायच्या. फळ्या निघाल्या की आतलं पाणी धबाधबा खाडीत पडतं, त्याच्याबरोबर बोईट, कोळंबी, असली बारकी मासळी वाहत जाते. आणि बाहेर सावलीत तोंड वासून जिताडा उभा असतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझा बाप माहेरच्या उघाडीच्या फळ्या घालायचा-काढायचा. त्याला मुलगा नव्हता. जे होतं ते मला शिकवलं. बाटलीला दोरी गुंडाळून मी सातव्या वर्षी पहिला मासा काढला. लग्न होऊन घरतांच्या घरी आले तेव्हा ट्रंकेच्या तळाशी लुगड्यांखाली ती बाटली होती.

ह्यांना, म्हणजे हसुराम घरत ह्यांना, गरवण्याची भारी हौस. हौसच. मासा येऊन गळ चाटून जाईपर्यंत हे पेपरातल्या बातम्यांवर बोलत असायचे. लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी मी एकदा भाकरी द्यायला उघाडीवर गेले, ह्यांच्या हातातली दोरी जरा घेतली आणि चांगला पाच किलोचा जिताडा बाहेर काढला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मासा जड, म्हणून ह्यांनी खांद्यावर घेतला. वाटेत गावकीचे चौघं भेटले. "वा रे हसुराम!" म्हणाले. हे हसले. खोटं काही बोलले नाहीत. खरं सांगायचं मात्र राहून गेलं.

घरी सासूबाईंनी मासा बघितला, माझे चिरलेले तळवे बघितले आणि म्हणाल्या, "पोरी, तुझा हात चांगला हाय. पण बाईमाणसानं गरी टाकली तर लोकं हसूला हसतील. नाव त्याचं राहू दे. कालवण तर आपल्याच घरात शिजतं ना?"

कालवण पंधरा वर्षं शिजलं. मी पहाटेच्या ओहोटीला गरवायचे, हे खांद्यावर मासा घेऊन गावातून मिरवत यायचे, आणि संध्याकाळी ओटीवर त्याची गोष्ट सांगायचे. गोष्ट मात्र फार छान सांगायचे. मी दाराआड तांदूळ निवडत ऐकायचे आणि मलाही वाटायचं, अरे, केवढा थरार! गावाला माहीत नव्हतं असं नाही. बांधावर सकाळी कोण उभं असतं हे गुरं नेणाऱ्याला दिसतंच. पण जिताड्याचा वाटा शेजारीपाजारी जायचा, आणि ताटात वाढलेलं खाताना कोण विचारतं?

त्या वर्षी एप्रिलात खाडीपलीकडच्या मंडळाने गरवण्याची स्पर्धा ठेवली. नुसती गरी, जाळं नाही. दोघांची जोडी. हे फॉर्म घेऊन आले. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात 'हसुराम घरत' लिहिलं, दुसरीत 'सौ. घरत'.

"मला नाव नाही का?" मी विचारलं.

"जागा कमी आहे गं," हे म्हणाले.

जागा वीतभर होती. त्या रात्री चपात्या जरा जास्तच पातळ लाटल्या गेल्या.

बक्षीस होतं तांब्याचं घंगाळ. त्याच्यावर नाव घालून मिळणार. आमच्या घरात भांडी शे-दीडशे. लग्नात आलेली, बारशाला आलेली, सासऱ्यांच्या तेराव्याची. प्रत्येकावर कुणा ना कुणा पुरुषाचं नाव. माझ्या माहेरून आलेल्या कळशीवरसुद्धा जावयाचं. मी पंधरा वर्षं ती नावं राखेने घासत होते. का कोण जाणे, ते घंगाळ माझ्या डोक्यात बसलं. एकदा तरी असं भांडं घासावं, ज्याच्यावर 'चांगुणा' लिहिलेलं असेल. पण हे बोलायचं कुणाकडे? घंगाळ आलंच तर त्याच्यावर कुणाचं नाव येणार, हे फॉर्मवर लिहून झालं होतं.

नवा डबा आठवडाभर ओटीच्या कठड्यावर मांडलेला होता. येणारा-जाणारा थांबायचा. हे खटके उघडायचे, तीन मजले वर यायचे, प्रत्येक खणात रबराचे मासे, लाल, पिवळे, पोपटी.

"दुपारी त्याला ऊन लागतंय," मी म्हणाले. "रबर आहे ते."

"कडक डबा आहे, चांगुणा. पिशवी नाही."

तेव्हा मी माझी पिशवी शिवायला घेतली. दुकानातली घेता आली नाही म्हणून काय झालं? ह्यांच्या जुन्या खाकी पँटीचा पार्श्वभाग घेतला, कारण दोन खिसे आयते शिवलेले होते. पुढचे दोन काढून बाजूला लावले. पाणी लागून गऱ्या गंजतात, कापडी पिशवीची ती मोठी खोड, म्हणून आत छत्रीचं कापड. फोटोवाल्याकडून रिळांच्या रिकाम्या डब्या मागून आणल्या, एकेकीत एकेक मापाच्या गऱ्या, आवाज होऊ नये म्हणून वर कापूस.

हे बघत होते. "माझी पँट खांद्यावर टाकून येणार तू? बांधावर? सगळ्यांसमोर?"

"तुम्ही पंधरा वर्षं माझे मासे खांद्यावर टाकून आलात," असं माझ्या अगदी जिभेवर आलं. म्हणाले एवढंच, "काळ्या दोऱ्याने शिवलीय. ओळखू येणार नाही."

स्पर्धेच्या सकाळी बांधावर चाळीसेक पुरुष. बायका लांब मांडवात, सासूबाई त्यांच्यात भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. जोडीत बाई असलेली जोडी आमची एकच. चिठ्ठीत आम्हाला जागा उघाडीच्या डाव्या कोपऱ्यावर मिळाली. मी मनात बापाला नमस्कार केला. शेजारच्या जागेवर बाळाराम म्हात्रे, ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचा टोमणेबहाद्दर.

"हसुराम, आज वहिनी कशाला? पंखा घालायला?"

"सामान बघायला," हे म्हणाले आणि डबा दगडावर ठेवला. खडखड झाली. पाण्याच्या कडेचा बोईटांचा थवा चमकून आत पळाला. ह्यांनी हात चोळले, चार माणसं जवळ येतील एवढा वेळ दिला, आणि खटके उघडले.

मजले वर आले नाहीत.

ह्यांनी ओढलं. पहिला ट्रे दुसऱ्याला घेऊन आला, दुसरा तिसऱ्याला, आणि तिन्हींच्या मध्ये लाल-पिवळं-पोपटी असं काहीतरी लोंबायला लागलं. आठवड्याच्या उन्हात नरम झालेले रबराचे मासे आदल्या दुपारी पुरते वितळले होते, आणि वितळता वितळता त्यांनी खालचं प्लास्टिकही खाल्लं होतं. माशांना शेपट्या नव्हत्या, खणांना तळ नव्हते. सगळ्या गऱ्या त्या चिकट लगद्यात रुतलेल्या.

बाळाराम वाकून बघायला लागला. "जिताड्याला हलवा केलास की रे! वर बदाम कुठायत?"

बांधावर हशा पिकला. हे हसले नाहीत. बोटाने एक गरी उकरायला गेले, बोटच अडकलं. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. वळून त्यांनी मांडवाकडे बघितलं, आपली आई बघतेय का म्हणून. तेव्हा मला त्यांचा राग यायचा होता तो राहूनच गेला.

"इकडे बघा," मी हळूच म्हणाले आणि पिशवीच्या खिशात हात घातला. न बघता डबी काढली, गरी काढली, तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, बांधली, जिवंत कोळंबी शेपटीपाशी ओवली आणि दांडी त्यांच्या हातात दिली. बघणाऱ्यांचं हसणं एकेक करून थांबलं. गाठ कशी बसली ते त्यातल्या प्रत्येकाने बघितलं होतं. बाळारामने आपल्याच दांडीकडे नव्याने बघायला सुरुवात केली.

दहा वाजेपर्यंत हे टाकत राहिले. दोनदा गरी दगडात, एकदा बाळारामच्या टोपीत. बाळारामने सहा किलोचा एक जिताडा काढून ठेवला होता आणि त्याच्यावर ओलं गोणपाट टाकून तो सारखं उचलून बघत होता.

"पाणी फिरेल आता," मी पुटपुटले. "फळ्या निघाल्या की लगेच टाकू नका. पहिला लोंढा जाऊ द्या. मग कोपऱ्यात, सावली संपते तिथे."

फळ्या निघाल्या. पाणी कोसळलं. ह्यांनी लगेच टाकली. गरी लोंढ्याबरोबर गेली आणि खालच्या खडकात बसली.

"धर जरा. मी सोडवून येतो," हे म्हणाले आणि दांडी माझ्या हातात देऊन खाली दगडांवर उतरले.

असं आमचं घरात नेहमीचं होतं. पण घरात चाळीस पुरुष नसतात. मी दांडी धरली. ह्यांनी वाकून तंगूस खडकाभोवतून सोडवला, आणि सुटल्याबरोबर कोळंबी वाहत वाहत, कुणीही न टाकता, बरोबर सावली संपते तिथे गेली.

मी जरासं मागे घेतलं. थांबले. परत घेतलं.

आणि पाणी फुटलं.

तो आवाज मी कशासारखा सांगू? भरली घागर विहिरीत पडावी तसा. दांडी वाकून पाण्याला टेकली. रीळ किंचाळायला लागलं. खाडीच्या मध्यावर जिताडा एकदा अख्खा बाहेर आला, चांदीसारखा, मान झटकत. त्याच्या गालफडाला धार असते, सैल तंगूस पात्याने कापावा तसा कापतो. मी दांडी खाली आडवी दाबली, म्हणजे तो परत वर येऊ नये.

"हसुराम, घे की दांडी!" कुणीतरी ओरडलं.

हे खालून वर बघत होते, गुडघाभर पाण्यात. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला वेळ नव्हता. पण ते वर आले नाहीत.

मग एक गंमत झाली. बांधावरच्या सगळ्या पुरुषांना एकाच वेळी काहीतरी काम निघालं. कुणी आभाळाकडे बघायला लागलं, कुणी बिडी शोधायला. बाळाराम खाली बसून चपलेचा अंगठा तपासत होता. दिसलं तर कबूल करावं लागेल, म्हणून कुणाला काही दिसतच नव्हतं. मांडवातल्या बायका मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. आणि त्यांच्या पुढे, भाकऱ्यांचं गाठोडं छातीशी धरून, माझ्या सासूबाई.

तो गेला की जाऊ द्यायचं, थांबला की आणायचं. माझ्या बापाने शिकवलेलं तेवढंच. अर्धा तास असेल. खांदे भरून आले, बोटं आखडली. एकदा तो उघाडीच्या दगडांकडे वळला तेव्हा मी पदर खोचला आणि बांधावरून वीस पावलं धावले, खांद्यावर ह्यांची पँट, आणि ती ना खडखडली, ना सांडली. एकदा तंगूस सैल पडला, वाटलं सुटला जिताडा. पण तो माझ्याच दिशेने येत होता.

शेवटी तो कडेला आला, कुशीवर, दमून. ह्यांनी जाळीची वाट बघितली नाही. कमरेइतक्या पाण्यात शिरले, दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली आणि छातीशी धरून वर आणला. मासा उचलावा तर ह्यांनीच. तोंडावर चिखल, शर्टाला खवले, आणि डोळे माझ्याकडे.

"केवढा आहे गं," एवढंच म्हणाले.

काटा अकरा किलोंच्या वर गेला. त्या दिवशी त्याच्या जवळपास जाणारा मासा दुसरा निघाला नाही.

दुपारी मांडवात बक्षीस समारंभ. मंडळाचे अध्यक्ष कडू गुरुजी, सगळ्या पंचक्रोशीला शिकवलेले. टेबलावर घंगाळ, नवं, तांबूस, आरशासारखं. शेजारी भांड्यांच्या दुकानातला नाव घालणारा, त्याचं यंत्र हातात घेऊन तयार.

"पहिला क्रमांक, जोडी सातवी," गुरुजी माइकवर म्हणाले. "घरत पती-पत्नी." टाळ्या झाल्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला. "आता घंगाळावर नाव घालायचंय. नाव एकच, मासा ज्याने गरवला त्याचं. तर मासा..." ते थांबले. गुरुजी सकाळपासून बांधावर होते. गुरुजी सकाळपासून आभाळाकडेच बघत होते. "तर हसुराम, ये. दोन शब्द सांग. कसा लागला जिताडा?"

मांडव सैलावून बसला. हसुरामची गोष्ट म्हणजे पंधरा वर्षांची ठेव. नाव घालणाऱ्याने यंत्राचं बटण दाबलं, ते गुणगुणायला लागलं, आणि त्याने 'ह'साठी जागा मोजायला घंगाळावर अंगठा टेकवला.

मी बायकांत सासूबाईंशेजारी बसले होते. हात मांडीवर, तळवे वर, कारण मिटत नव्हते. सासूबाईंनी माझा एक हात आपल्या हातात घेतला, तळव्यावरचे चिरे बघितले, आणि सोडला नाही.

हे माइकपाशी गेले. अजून ओलेच होते.

"पाणी फिरलं होतं," हे म्हणाले. "फळ्या निघाल्या होत्या." सुरुवात नेहमीसारखीच झकास. "लोंढा असा, की माणूस वाहून जाईल. मी दांडी घेतली, आणि..."

थांबले.

"मी दांडी घेतली, आणि गरी खडकात बसवली," हे म्हणाले.

कुणीतरी हसलं. बाळाराम ओरडला, "पुढे सांग, पुढे! लागला कसा?"

ह्यांनी एकदा बाळारामकडे बघितलं, एकदा आपल्या आईकडे. सासूबाईंनी मान खाली घातली नाही. माझा हात घट्ट धरून त्या मुलाकडे बघत राहिल्या, आणि मग माझा तो हातच त्यांनी जरासा वर उचलला, त्याला दिसेल एवढा. यंत्र गुणगुणत होतं.

"काका, जरा बंद करा ते," हे नाव घालणाऱ्याला म्हणाले. त्याने बंद केलं. बाहेर उघाडीचं पाणी ऐकू यायला लागलं.

"चांगुणा लिहा," हे म्हणाले. "पुढे माझं नाव नको. नुसतं चांगुणा. मला जिताडा गरवता येत नाही, गुरुजी. आजचा तिने काढला. आमच्या घरात पंधरा वर्षांत आलेला एकूण एक तिने काढला. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी नुसता घरापर्यंत आणतो."